हात न पोचणाऱ्या जागेतला ऑक्सिजन सेन्सर

पहिल्यांदा ऑक्सिजन सेन्सर बदलायला घेतला तेव्हा सकाळी आठला बॉनेट उघडलं होतं. दुपारी जेवायला हाका आल्या तरी पाना काही सेन्सरवर बसला नव्हता. मुंबईत विक्रोळीला कन्नमवार नगरात, दोन बिल्डिंगींच्या मधल्या बोळात गाडी उभी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर. सेन्सर इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, बाजूला. हात घातला की दिसणं बंद, आणि डोकं घातलं की हाताला जागा नाही. शेवटी कसाबसा पाना बसला आणि दीड मिनिटात सेन्सर हातात आला. या कामात वेळ कुठे जातो ते तेव्हा कळलं. म्हणून इथे सोडण्या-आवळण्यापेक्षा तिथवर पोचायचं कसं, यावरच जास्त लिहितोय.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे.

आधी सेन्सरच गेलाय ना?

ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत लॅम्डा किंवा ओटू, एक्झॉस्टमध्ये, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात, किती ऑक्सिजन उरलाय ते मोजतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, आणि मिश्रण त्याच्या आसपास ठेवण्यासाठी हा सगळा खटाटोप. आजच्या बहुतेक गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असतो तो सेन्सर १ आणि नंतरचा सेन्सर २. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘बँक १’ असं दिसलं तर गोंधळू नका. आपल्या नेहमीच्या तीन किंवा चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात एकच बँक, म्हणजे सिलिंडरची एकच रांग, असते. पहिला सेन्सर सुस्तावला की अ‍ॅव्हरेज घसरतं. दुसऱ्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर पहारा ठेवायचं.

चेक लाइट लागली की ओबीडी स्कॅनर लावून कोड वाचा. पी०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरला तापवणारा हीटर, पी०१४१ म्हणजे दुसऱ्याचा हीटर, पी०१३३ म्हणजे पहिला सेन्सर हळू चालतोय. पी०४२० आला म्हणून धावत जाऊन सेन्सर आणू नका, तो कन्व्हर्टरबद्दलचा कोड आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. ते कुठून तरी हवा शिरल्यामुळे असेल, गाडीतला पेट्रोलचा पंप दमल्यामुळे असेल. सेन्सर बिचारा फक्त निरोप देतोय. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भोक असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर चुकीचं सांगू लागतो.

आणि वायर बघा. हे मी अक्कलखाती पैसे भरून शिकलोय. माझ्या गाडीत पी०१४१ आला, मी नवा सेन्सर आणून बसवला, तरी लाइट होती तिथेच. गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेजवाले काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी सेन्सरकडे पाहिलंसुद्धा नाही. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, मागे, गाडीच्या बाजूची वायर दोन बोटांत धरून वर उचलली. आवरण वीतभर सोललेलं आणि आतली तार तुटलेली. “सेन्सर जळायची वाट कोण बघतंय रे,” म्हणाले, “त्याआधी उंदीर जेवून जातो.” पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनावर येऊन बसतात, हे आपल्याकडे पार्किंगमधल्या कुणालाही विचारा.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी कपलर सोडा. आत हिरवट गंज आहे का पाहा. खाडीच्या बाजूला राहत असाल तर हमखास असेल. मग सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन वायरी असतात, त्या हीटरच्या. सेन्सर थंड असताना त्यांच्यावर मल्टिमीटर लावा. साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. रीडिंग बरोबर असेल तर फ्यूज आणि गाडीकडच्या वायरी तपासा. स्कॅनरवर लाइव्ह आकडे दिसत असतील तर गरम इंजिनावर पहिल्या सेन्सरचा व्होल्ट ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली व्हायला हवा, दुसऱ्याचा बऱ्यापैकी स्थिर. काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड जातीचा असतो, त्याला ही व्होल्टची परीक्षा लावू नका.

सेन्सर खरोखर मरतो तोही कधीकधी आपल्याच हवामानाने. आतलं टोक सिरॅमिकचं, चालू गाडीत शेकडो अंश तापलेलं. अशा वेळी दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की त्याला तडा जाऊ शकतो.

काय काय जमवायचं

जुन्या सेन्सरवर नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो घ्या आणि त्या नंबरानेच नवा मागा. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात गाडीचं मॉडेल सांगितलं तरी देतील, पण त्याच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचे सेन्सर वेगळे असू शकतात. सेन्सर १ आणि २ दिसायला जुळे, पण वायरीची लांबी आणि कपलर वेगळा निघतो. दुकानातच दोन्ही कपलर शेजारी धरून पाहा. कपलरशिवाय, नुसत्या वायरीचा सेन्सर स्वस्त पडतो. नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरीतूनच मिळते, त्यामुळे जोडाला सोल्डर मारला किंवा कपलरात ग्रीस कोंबलं की सेन्सर गुदमरतो.

हत्यारांत मुख्य म्हणजे २२ नंबरची, खाच असलेली गोटी, म्हणजे सॉकेट. वायर त्या खाचेतून बाहेर राहते. ती दोन प्रकारची मिळते. एक लांब नळीसारखी, दुसरी बुटकी, जिला रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दातेरी दांडा, डोक्यावर न बसता बाजूला बसतो. तिसरा प्रकार क्रो-फूट, म्हणजे पान्याचं नुसतं तोंड, मागे रॅचेटसाठी चौकोनी भोक. हे सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळतं. पण खाचेच्या गोटीचं एक दुखणं आहे. जोर लागला की खाच फाकते आणि सेन्सरचे कोपरे गोल करून टाकते. स्वस्तातली असेल तर लवकरच.

म्हणून माझा सरळ सल्ला आहे. जुना सेन्सर मेलाय याची खात्री आहे, नवा हातात आहे, कपलर जुळवून पाहिलाय, तर जुन्याची वायर मुळापाशी कापून टाका. मग साधा २२ चा रिंग पाना किंवा खोल गोटी सगळे कोपरे धरते, आणि रिंग पाना जिथे शिरतो तिथे गोटी-रॅचेट कधीकधी शिरतही नाही. मात्र दुकान बंद असलेल्या रविवारी, नवा सेन्सर नसताना वायर कापण्याची हौस नको.

बाकी डोक्याला लावायची बॅटरी, जाड हातमोजे, गंज सोडवणारा स्प्रे, डेंटिस्टकडे असतो तसा छोटा आरसा, आणि हातभर सुतळी. सुतळीचं काम पुढे येईल.

वाट शोधणं

पाना उचलायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. इंजिन थंड असताना मोबाइलवर व्हिडिओ आणि फ्लॅश चालू करा, हात आत घाला आणि सेन्सरभोवती सावकाश फिरवा. मग बाहेर बसून तो व्हिडिओ निवांत पाहा. सेन्सरच्या षटकोनी मुंडक्याच्या कुठल्या बाजूला मोकळी जागा आहे? तिथून सरळ रेघ ओढली तर ती वर निघते, खाली निघते की चाकाच्या कमानीत? वायर कुठून जाते, कपलर कुठे अडकवलाय? आरसाही उपयोगी आहे, पण आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि घाईत माणूस सेन्सर सोडण्याऐवजी आवळत बसतो. तिरकं, आडवं पडून काम करतानाही दिशेचा असाच घोळ होतो. सेन्सर म्हणजे बाटली आणि वायरीची बाजू म्हणजे तिचं झाकण, असं धरा. त्या झाकणाकडून बघितल्यासारखं डावीकडे फिरवायचं. मी तर पान्यावर खडूने बाण काढतो.

वरून जायचं असेल तर आधी जागा करावी लागते. एअर फिल्टरचा डबा काढा, दोन-तीन बोल्ट आणि एक क्लिप एवढंच असतं. काही गाड्यांत वायपरखालची प्लास्टिकची पट्टी काढली की फायरवॉलपाशी आणखी चार बोटं जागा मिळते. लोकलच्या चौथ्या सीटवर बसणाऱ्याला चार बोटं म्हणजे किती, ते सांगायला नको. एक्झॉस्टवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, १० नंबरच्या बोल्टांवर असतो आणि हे बोल्ट सेन्सरपेक्षा जास्त छळतात. माझ्या गाडीत एकाचं मुंडकंच निघून हातात आलं. त्यांनाही आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा.

सेन्सर २ सहसा खालूनच गाठावा लागतो. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावा, मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, गाडीला धक्का देऊन पाहा आणि मगच आत सरका. आपल्या सोसायट्यांत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. त्यांच्यावर जॅक टेकवला की एखादा ब्लॉक तिरका होतो. खाली जाड लाकडी फळी घाला. घोड्यांऐवजी विटा रचू नका, त्या भाराने फुटतात. मेकॅनिकल पार्किंगमध्ये, वर दुसऱ्याची गाडी लटकत असताना तर अजिबात नको.

तिसरी वाट चाकाच्या बाजूची, आणि लोक नेमकी तीच विसरतात. पुढचं चाक काढून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, कमानीतल्या प्लास्टिकच्या क्लिपा सोडल्या की कधीकधी ड्राइव्ह शाफ्टच्या वरून एक सरळ बोगदा दिसतो. तिथून दोन फुटी एक्स्टेन्शन घालून सेन्सर गाठता येतो आणि रॅचेट फिरवायला बाहेर मोकळी जागा मिळते. माझं अर्ध्या दिवसाचं काम शेवटी इथूनच झालं. एक्स्टेन्शनला मोडता सांधा, म्हणजे यूजे, लावायचा तर एकच. दोन लावले की सगळा जोर सांध्यातच मुरतो.

बाजूला रॅचेट बसणारी बुटकी गोटी किंवा क्रो-फूट वापरत असाल तर एक हात तिच्या डोक्यावर दाबून ठेवा. जोर मध्यावर नसल्यामुळे ती तिरकी होऊन निसटते, आणि निसटली की बोटांची सालं हीट शील्डच्या कडेला राहतात.

सोडवणं

आदल्या रात्री, एक्झॉस्ट पूर्ण थंड असताना, आट्यांच्या मुळाशी स्प्रे मारा. गरम एक्झॉस्टवर स्प्रे मारू नका, धूर होतो आणि पेट घेण्याचाही धोका आहे. कपलरही थंडपणीच सोडा. लॉकचं प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे ओढण्याआधी छोट्या पेचकसाने पाकळी उचला. चावी काढलेली असू द्या. स्टार्टर किंवा अल्टरनेटरच्या जवळ पाना फिरणार असेल तर, सकाळी इंजिन चालवून झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तारही उतरवा.

आता ती सुतळी. सुटलेल्या कपलरच्या टोकाला ती बांधा आणि मग जुनी वायर खाली ओढून घ्या. वायरीमागून सुतळी त्याच वाटेने जाते आणि तिथेच राहते. नव्या सेन्सरचा कपलर तिला बांधून वर ओढला की वायर जिथून होती तिथूनच जाते. वायर कापणार असाल तरी वरचा तुकडा असाच काढा.

सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवा. उघड्यावर, तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, तिथे एक्झॉस्टचा वायू साठतो. बंद करून, धग लागते पण मोज्यातून सोसते इतपत निवू द्या. कोमट धातूत आटे थोडे ढिले पडतात. पाना नीट तळापर्यंत बसलाय का ते बोटाने चाचपा आणि एकदाच, झटका न देता, वाढता जोर लावा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की सुटला. पिळल्यासारखं, मऊ काहीतरी जाणवलं तर थांबा, ते आटे आहेत. पुन्हा स्प्रे, चहा, पुन्हा प्रयत्न. फिरायला लागल्यावरही जड असेल तर पाव फेरा सोडा, थोडा उलटा आवळा, पुन्हा सोडा. जागा इतकी कमी असते की रॅचेटला एका वेळी दोन-तीन दातच मिळतात. चिडू नका, तेवढ्यानेही निघतो.

सेन्सर निघाला पण आट्यांना धातूचा भुगा चिकटलाय, तर १८ मिमी, दीडच्या पिचचा टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, ग्रीस लावून हाताने फिरवा. भुगा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, कन्व्हर्टरमध्ये पडत नाही. टॅप घेण्याआधी नव्या सेन्सरचे आटे मोजून खात्री करा, कारण काही गाड्यांत आणि बहुतेक मोटरसायकलींत सेन्सर बारीक असतो. आटे पूर्णच गेले असतील तर हट्ट सोडा. तो भाग खोलून लेथवाल्याकडे न्या किंवा सायलेन्सरवाल्याकडून नवा नट वेल्ड करून घ्या.

नवा बसवणं

टोकाला हात लावायचा नाही, पुसायचं नाही, त्यावर कसलाही स्प्रे उडू द्यायचा नाही. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर तो सिरॅमिकचा कप पडला असं समजा. आट्यांवर बहुतेक वेळा कंपनीतूनच राखाडी पेस्ट लावलेली येते, तेवढी पुरे. नसेल तर निकेलची अ‍ॅन्टी-सीझ पेस्ट आट्यांवर किंचित लावा. शेजारी गॅस्केटला सिलिकॉन लावायचं कामही काढलं असेल तर डब्यावर सेन्सर-सेफ लिहिलेलं सिलिकॉनच घ्या, साध्याची वाफ सेन्सरला बाधते.

अडचणीच्या जागेत एक गंमत होते. सेन्सर आत फिरतो तशी त्याची वायरही पीळ खाते. पाच-सहा फेऱ्यांनी ती रबराच्या दोरीसारखी होते आणि आत बसलेला सेन्सर उलटा फिरवू पाहते. म्हणून जुना काढताना फेरे मोजून ठेवा आणि बसवण्याआधी नव्या वायरीला तेवढेच फेरे डावीकडे पीळ द्या. आत बसता बसता तो सुटत जातो.

पहिले फेरे बोटांनीच. हात पोचत नसेल तर सेन्सरच्या मानेवर रबरी नळीचा तुकडा बसवून फिरवा. बोटांनी शेवटपर्यंत जात नसेल तर आटे वाकडे धरलेत, परत काढा. पान्याने रेटून वाकडा बसवलेला सेन्सर पुढच्या वेळी निघणार नाही. शेवटचा आवळ मॅन्युअलमधल्या आकड्याने द्या. १८ मिमीच्या सेन्सरना साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर असतो. टॉर्क रेंचला, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याला, क्रो-फूट लावणार असाल तर तो काटकोनात लावा. सरळ रेषेत लावला तर पान्याचा दांडा लांब होतो आणि रेंचच्या आकड्यापेक्षा जास्त आवळलं जातं.

सुतळीने कपलर वर ओढा, ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबा, वायर मूळच्या क्लिपांत बसवा. एक्झॉस्टजवळ प्लास्टिकची झिप टाय बांधू नका, वितळते. सीएनजी कीट बाहेरून बसवलेलं असेल तर कीटवाल्याने सेन्सरच्या सिग्नल वायरीला जोड दिलाय का तेही पाहा. तो जोड सैल असला की नव्या सेन्सरवरही तोच कोड येतो, आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी.

गाडी चालू केल्यावर

पहिली काही मिनिटं स्प्रेचं तेल जळून धूर आणि वास येईल, घाबरू नका. सेन्सरपाशी ‘फट् फट्’ ऐकू येत असेल तर तो नीट बसलेला नाही. मग स्कॅनरने कोड पुसा. गाडी स्वतःच्या तपासण्या एका दमात करत नाही. थंड इंजिनावर सुरुवात, थोडं ट्रॅफिक आणि सलग एका वेगाने धाव, असं सगळं तिला लागतं. मी रविवारी पहाटे विक्रोळीहून छेडा नगर आणि तिथून ईस्टर्न फ्रीवेने ऑरेंज गेटपर्यंत जाऊन येतो. फ्रीवे जवळपास १७ किलोमीटरचा आहे आणि त्या वेळी एकसारखा वेग ठेवता येतो. ट्रॅफिकने भरलेल्या एलबीएस रोडवर दिवसभर फिरलात तरी या तपासण्या अर्धवट राहतील.

आठवड्याभराने स्कॅनर पुन्हा लावा. लाइट पेटली नसली तरी ‘पेंडिंग’च्या यादीत काही जमा झालंय का ते बघा. आणि बॉनेट उघडलंच आहे तर बॅटरी मारून नव्या वायरीवर दातांच्या खुणा दिसतात का तेही पाहून घ्या.